साइटवर नवीन टेक्नॉलॉजी आणायचीय? मग आधी हे वाचा

स्लॅब भरून चार दिवस झाले होते, शटरिंग अजून तसंच होतं, आणि प्लंबिंगचा सुपरवायझर ड्रॉइंग घेऊन आला, म्हणाला साहेब ह्या बीममधली स्लीव्ह (पाइप आरपार जायला काँक्रीट भरायच्या आधी ठेवतात ती नळी) कुठंय? आम्ही दोन कागद शेजारी शेजारी धरले. त्याच्याकडं आर४, म्हणजे ड्रॉइंगची चौथी रिव्हिजन (सुधारित आवृत्ती), आणि सळई बांधणाऱ्या बारबेंडरकडं होता तो आर३. तोच शिक्का, तेच नाव, फक्त खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत एक आकडा वेगळा. त्या एका आकड्यापायी आधी बीम स्कॅन करून सळया कुठं आहेत ते शोधलं, मग आरसीसी कन्सल्टंटची (सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्याची) परवानगी काढली, मग काँक्रीटला भोक पाडायला कोअर कटिंगवाला बोलावला. आणि मला आजही सगळ्यात जास्त लागतं ते हे, की ऑफिसातल्या थ्रीडी मॉडेलमध्ये ती स्लीव्ह होती, अगदी बरोबर जागी होती. माहिती होती, ती सळई बांधणाऱ्या हातापर्यंत पोचली नव्हती.

त्यामुळं कुणी मला विचारलं की बांधकामात डिजिटल कसं व्हायचं, तर मी आधी सॉफ्टवेअरचं नाव सांगत नाही. मी विचारतो की तुमच्याकडची माहिती शेवटच्या माणसापर्यंत जायला किती वेळ लागतो आणि वाटेत कुठं अडकते. टेक्नॉलॉजी तिथं लावायची.

आधी दोन आठवडे नुसतं लिहून काढा

काहीही विकत घ्यायच्या आधी एक वही करा. रोज संध्याकाळी साइटवर काय थांबलं, किती वेळ थांबलं, का थांबलं आणि कोणतं काम तोडून परत केलं एवढंच लिहायचं. दोन आठवडे पुरतात. ह्यात कुणाची चूक ते अजिबात लिहू नका, नाहीतर तिसऱ्या दिवशी कुणी खरं सांगणार नाही. मग नोंदी वाचा, त्या चार-पाच ढिगांत पडतात: ड्रॉइंग जुनं होतं, शंकेचं उत्तर आलं नाही, दोन एजन्सींची कामं एकमेकांत घुसली, मोजमापावरून वाद झाला, माल आलाय पण कुठं उतरवलाय ते माहीत नाही. ज्या ढिगात सगळ्यात जास्त तास गेलेत तिथून सुरुवात करायची, एकच ढीग घ्यायचा, दोन नाही.

बऱ्याच ठिकाणी उलटं होतं, कुणीतरी प्रदर्शनात ड्रोन बघून येतं, ड्रोन घेतला जातो, सुंदर व्हिडिओ निघतात, मीटिंगमध्ये दाखवतात, पण त्या साइटचं खरं दुखणं असतं आरएफआयची, म्हणजे कन्सल्टंटला लेखी विचारलेल्या शंकांची, उत्तरं पंधरा-पंधरा दिवस न येणं. मग सहा महिन्यांनी लोक म्हणतात टेक्नॉलॉजीचा काही उपयोग नाही. ड्रोन चांगलाच होता हो, पण त्या दुखण्यावरचा नव्हता.

ड्रॉइंगची जागा एकच ठेवा

नव्वद टक्के साइटना मी पहिलं हेच करायला सांगेन (हा माझा अंदाज आहे, कुठला सर्व्हे नाही). ड्रॉइंग मेलमध्ये, व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये, पेनड्राइव्हवर आणि भिंतीवर असं चार ठिकाणी असेल तर बाकी सगळं व्यर्थ. एक सामायिक क्लाउड जागा करा आणि तिथं जे आहे तेवढंच खरं असं ठरवा. २०१८ साली आलेल्या आयएसओ १९६५० ह्या स्टँडर्डमध्ये ह्यासाठी चार अवस्था सांगितल्यात: काम चालू असलेली फाइल, इतरांना बघायला दिलेली, वापरायला मंजूर झालेली आणि जुनी म्हणून बाजूला ठेवलेली. मोठं स्टँडर्ड आहे, सगळं नाही राबवलं तरी ह्या चार कप्प्यांचा फायदा पहिल्या आठवड्यापासून दिसतो. साइटवरच्या माणसाला फक्त तिसरा कप्पा दिसायला हवा. त्याला चारही दाखवले तर तो घाईत चुकीचं उघडणार, त्यात त्याचा दोष नाही.

फाइलच्या नावाची पद्धत पहिल्याच दिवशी ठरवा: प्रोजेक्ट, इमारत, मजला, विषय, नंबर. रिव्हिजन नावात घालायची की सिस्टिमकडं सोडायची तेही ठरवून टाका. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल नवीन करेक्टेड" असली नावं बंद म्हणजे बंद. मंजुरी देणारा माणूस एकच असू दे, आणि तो रजेवर असेल तेव्हा कोण हेही लिहून ठेवा.

कागद लगेच जाणार नाही हे धरून चाला. उन्हात टॅबलेटचा स्क्रीन दिसत नाही, हाताला सिमेंट लागलेलं असतं, आणि ए१ साइजची शीट जशी दोन पिंपांवर पसरून चौघं मिळून बघतात तसं फोनवर होत नाही. म्हणून प्रिंट काढा, पण प्रत्येक प्रिंटवर क्यूआर कोड छापा. तो स्कॅन केला की ही रिव्हिजन चालू आहे की बदलली एवढंच एक उत्तर फोनवर आलं पाहिजे. बांधायला सुरुवात करायच्या आधी मिस्त्रीनं एकदा स्कॅन करायचं, ही सवय लागली की वर सांगितलेली स्लीव्हची गोष्ट होत नाही. आणि नवीन शीट देताना जुनी परत घ्यायची, हातात घेऊन फाडायची. हे काम सॉफ्टवेअर करत नाही, माणसालाच करावं लागतं.

रोजचे रिपोर्ट आणि चेकलिस्ट

दुसरी पायरी ही. डीपीआर (रोजचा प्रगती रिपोर्ट), पोअर कार्ड (काँक्रीट भरायच्या आधीची तपासणीची चिठ्ठी), शटरिंगची तपासणी, सळईची तपासणी हे सगळं फोनवर घेता येतं. इथं सगळ्यात मोठी चूक होते ती फॉर्म बनवताना, कारण फॉर्म बनवणारा एसीत बसलेला असतो आणि त्याला सगळंच हवं असतं. एका साइटवर आमच्या पहिल्या फॉर्ममध्ये २३ रकाने होते. मुकादम सगळ्यांचं काम आटपून संध्याकाळी पायरीवर बसायचा, फोनची काच तडकलेली, अंगठा दोनदा-तीनदा दाबल्याशिवाय अक्षर उमटत नव्हतं, आणि तो मला म्हणाला, "साहेब, दिवसभर काम केलं ते कमी की काय, आता हे लिहायला अजून एक तास." मी बाजूला बसलो आणि घड्याळ लावून बघितलं, चाळीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एकेका रकान्याला विचारलं की हा आकडा मागच्या महिन्यात कुणी वापरला का. २३ चे ६ राहिले: जागा, कोणतं काम, किती माणसं, किती झालं, काय अडलं, फोटो. जागा यादीतून निवडायची, अडचण बोलून रेकॉर्ड करायची, टाइप करायची गरज नाही. तारीख, वेळ आणि हवामान फोननं स्वतः भरायचं. चार मिनिटांत काम व्हायला लागलं आणि तो सकाळीच फोटो काढून ठेवायला लागला.

ॲप निवडताना तीन गोष्टी साइटवर उभं राहून तपासा, डेमो बघून नाही. एक, तळघरात रेंज नसताना चालतं का आणि वर आल्यावर आपोआप सिंक होतं का. दोन, जी भाषा साइटवर बोलतात त्या भाषेत फॉर्म करता येतो का. तीन, साध्या फोनवर चालतं का, कारण सुपरवायझरकडं महागातला फोन नसतो आणि त्याच्या स्वतःच्या डेटावर कंपनीचं काम करायला लावणं बरोबर नाही, तो खर्च कंपनीनं द्यावा.

अजून एक, हे फार महत्त्वाचं. ॲप आलं आणि रजिस्टर पण चालूच राहिलं तर माणूस एकच गोष्ट दोनदा लिहितो आणि मग दोन्ही नीट लिहीत नाही. सुरुवातीला तीन-चार आठवडे दोन्ही चालू दे, पण रजिस्टर बंद करायची तारीख आधीच जाहीर करा आणि पाळा. कायद्यानं किंवा करारानं जे कागदावर लागतं तेवढं ॲपमधूनच प्रिंट काढून सही घ्या.

बिम म्हणजे नुसतं थ्रीडी नाही

बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, माहिती जोडलेलं इमारतीचं कॉम्प्युटर मॉडेल. त्यात भिंत काढली की ती नुसत्या रेषा राहत नाहीत, तिला जाडी, मटेरियल, फायर रेटिंग, मजला असं सगळं चिकटलेलं असतं आणि म्हणून त्यातून क्वांटिटी निघते, दोन वस्तू एकाच जागी आल्या की ती टक्कर शोधता येते. ब्रिटनमध्ये केंद्र सरकारच्या कामांना एप्रिल २०१६ पासून बिम बंधनकारक झालं, आणि त्यातली मला सगळ्यात पटलेली शिस्त अशी की मॉडेल करायच्या आधी मालकानं लिहून द्यायचं की मला कोणती माहिती, कधी आणि कशासाठी लागणार. हे न करता "सगळं मॉडेल करा" म्हटलं की मॉडेलर दरवाजाच्या हँडलचा स्क्रूसुद्धा काढत बसतात आणि शाफ्टमधला पाइपचा उतार राहून जातो.

पहिल्यांदा करताना सगळी इमारत घेऊ नका. जिथं सेवा (पाइप, हवेचे डक्ट, केबल) एकमेकांवर चढतात अशी जागा घ्या, पार्किंगचं छत, प्लँट रूम, टॉयलेटचा शाफ्ट, कॉरिडॉरचं फॉल्स सीलिंग. आर्किटेक्ट, आरसीसी आणि एमईपी (एसी, वीज, प्लंबिंग) अशी तीन मॉडेलं वेगवेगळी येतात आणि ती एकत्र ठेवून बघायची असतात. इथं पहिल्या दिवशीचा ठरलेला गोंधळ म्हणजे तिघांचा ओरिजिन (मोजायचा शून्य बिंदू) वेगळा, एकाचं मॉडेल दुसऱ्यापासून लांब कुठंतरी हवेत. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी सामायिक कोऑर्डिनेट, उत्तर दिशा आणि मजल्यांच्या लेव्हल ठरवून एक रिकामी फाइल सगळ्यांना द्या, त्यात ग्रिड असू दे, आणि सगळ्यांनी त्याच्यावरच काम करायचं. वेगवेगळी सॉफ्टवेअर असतील तर देवाणघेवाण आयएफसी फॉरमॅटमध्ये करा, तो कुणा एका कंपनीचा नाही, आयएसओ १६७३९ म्हणून स्टँडर्ड आहे.

सॉफ्टवेअरमध्ये टकरा शोधणारी क्लॅश टेस्ट चालवली की पहिल्या वेळी हजारोंनी टकरा दिसतात आणि लोक घाबरतात. त्यातल्या कित्येक एकाच डक्टच्या असतात, डक्ट एका बीमला लागला की त्याचं इन्सुलेशन, हँगर आणि पुढचे तुकडे असे वेगवेगळे मोजले जातात. ते गट करा. मग क्रम लावा: आधी स्ट्रक्चरशी टक्कर, मग उताराच्या पाइपांशी, कारण ड्रेनेजचा उतार वाकवता येत नाही, मग मोठे डक्ट, मग केबल ट्रे आणि बारीक पाइप, ते सहज वळतात. आणि नुसती प्रत्यक्ष टक्कर बघू नका, व्हॉल्व्ह फिरवायला हात जाईल का, पॅनेलचं दार उघडेल का, ही मोकळी जागापण तपासा. दर आठवड्याला एक तासाची मीटिंग, स्क्रीनवर मॉडेल, आणि प्रत्येक मुद्द्यापुढं एका माणसाचं नाव आणि तारीख. दोन नावं लिहिली की काम कुणाचंच राहत नाही.

मग मॉडेल साइटवर न्या. ज्या फिटरनं डक्ट टांगायचाय त्याला पाच मिनिटं टॅबलेटवर मॉडेल फिरवून दाखवा. आमच्या एका फिटरनं मॉडेल बघून लगेच सांगितलं की हा बोल्ट आवळायला पाना कुठून घालू, मागं भिंत आहे. कुठल्याच क्लॅश टेस्टनं ते पकडलं नव्हतं.

ड्रोन, पण खोदाईसाठी

मातीकामाच्या मोजणीत ड्रोनसारखं दुसरं काही नाही असं मला वाटतं, पण नीट केलं तर. उडवायच्या आधी तिथले परवानगीचे नियम बघा, विमानतळाजवळ आणि संवेदनशील जागांजवळ ते कडक असतात. जमिनीवर कंट्रोल पॉइंट (अचूक मोजलेल्या खुणा) लावा, टोटल स्टेशन ह्या सर्व्हेच्या यंत्रानं किंवा चांगल्या जीएनएसएसनं (उपग्रहावरून जागा सांगणाऱ्या यंत्रानं) मोजलेले, कडेला आणि मध्येही, खालच्या पातळीवर आणि वरच्या पातळीवर. त्यातले काही पॉइंट प्रोसेसिंगला न देता फक्त तपासायला ठेवा, म्हणजे चूक किती आहे ते कळतं. फोटोंचा ओव्हरलॅप ७५ ते ८० टक्के. साधारण ६० मीटरवरून नेहमीच्या कॅमेऱ्यानं एक पिक्सेल दीड-दोन सेंटिमीटरचा येतो, मातीकामाला ते पुरतं.

पहिली बादली पडायच्या आधीचं उड्डाण सगळ्यात मोलाचं. मूळ जमिनीचा सर्व्हे नसेल तर नंतर रोज उडवूनही एकूण खोदाई सिद्ध करता येत नाही. आणि तो सर्व्हे गवत काढल्यावर करा, कारण फोटोवरून केलेलं मॉडेल गवताचा शेंडा बघतं, त्याखालची जमीन नाही. गुडघाभर गवत पूर्ण प्लॉटवर धरलं तर किती क्यूबिक मीटर होतात ते गुणून बघा. दुसरं म्हणजे ड्रोन खड्डा मोजतो आणि ट्रकवाला सुटी माती मोजतो, माती खोदली की फुगते, साध्या मातीला हे फुगणं २०-३० टक्के सहज असतं आणि खडकाला अजून जास्त. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून भांडणं होतात तेव्हा बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात. म्हणून बिल कोणत्या मोजमापावर ते करारातच लिहा.

काँक्रीटमधला सेन्सर

शटरिंग कधी काढायचं ह्यासाठी नुसते दिवस मोजण्यापेक्षा काँक्रीटचं तापमान मोजणं जास्त बरोबर आहे. मॅच्युरिटी पद्धतीत तापमान आणि वेळ ह्यांचा हिशोब ठेवतात. आधार तापमान शून्य धरलं तर सरासरी ३० अंशात एक दिवस म्हणजे ३० गुणिले २४, ७२० अंश-तास, आणि १५ अंशात तेवढ्यालाच दोन दिवस लागतात. छोटा सेन्सर सळईला बांधायचा, तो काँक्रीटमध्येच राहतो आणि रीडिंग फोनवर देतो.

पण सेन्सर ताकद मोजत नाही, तो तापमान मोजतो. ताकद काढायला त्या मिक्सचा स्वतःचा आलेख लॅबमध्ये आधी करावा लागतो, क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) करून १, ३, ७, १४ आणि २८ दिवसांना तोडून, आणि एएसटीएम सी१०७४ ह्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये ती पद्धत दिलीय. सिमेंटचा ब्रँड बदलला, फ्लाय ॲश वाढवली, ॲडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये घालायचं रसायन) बदललं की आलेख परत करायचा. सेन्सर नेहमी सगळ्यात हळू पिकणाऱ्या जागी लावा, कडेला, वाऱ्याच्या बाजूला, शेवटी भरलेल्या भागात. क्यूब टेस्ट बंद करायची नाही, आणि शटरिंग काढायचा निर्णय स्ट्रक्चरल इंजिनीअरचाच. हे सगळ्यांनी मनावर घ्या, कारण इथली चूक पैशात मोजता येत नाही.

बाकीचं थोडक्यात

३६० कॅमेरा हेल्मेटला लावून आठवड्यातून एकदा पूर्ण मजला चालायचा. प्लास्टर आणि फॉल्स सीलिंग व्हायच्या आधीची फेरी चुकवू नका, दोन वर्षांनी गळती शोधताना भिंतीत काय आहे ते दिसतं. स्वस्त आणि सोपं, कुणीही आजपासून करावं.

लेझर स्कॅनिंग जुन्या इमारतीच्या कामाला उत्तम, नवीन कामात आधी जिथं काही मिलिमीटरचा प्रश्न आहे तिथं, म्हणजे लिफ्टचा शाफ्ट, फसाडचे (इमारतीच्या दर्शनी आवरणाचे) ब्रॅकेट. थ्रीडी प्रिंटिंग आणि रोबो बघत राहा, पण तुमची ड्रॉइंग अजून व्हॉट्सॲपवर फिरत असतील तर तिकडं वळू नका.

एआयचं म्हणाल तर स्पेसिफिकेशनच्या शेकडो पानांतून कलम शोधणं, मीटिंगची टिपणं, आरएफआयचा मसुदा ह्यासाठी जरूर वापरा. फक्त तो आत्मविश्वासानं चुकीचं कलम सांगू शकतो, म्हणून पान उघडून स्वतः वाचल्याशिवाय पुढं पाठवू नका. आणि सळईचा डाया (जाडी) किंवा लॅपची लांबी (दोन सळया जोडताना एकमेकींवर किती चढवायच्या) त्याला विचारून बांधायची नाही, कधीच नाही. कॅमेऱ्यावरून हेल्मेट नाही ते ओळखणाऱ्या सिस्टिम आल्यात, त्या लावायच्या आधी कामगारांना समोर बसवून सांगा की फोटो कुठं जातो, कोण बघतो, किती दिवस राहतो. त्यावरून पगार कापला की लोक कॅमेरा चुकवायला शिकतात आणि सुरक्षा होती त्याहून खाली जाते.

पैसे आणि करार

खर्च काढताना नुसतं लायसन्स धरू नका. ट्रेनिंगचे दिवस, फोन-टॅबलेट, तुटलेल्या टॅबलेटची बदली, नेट, आणि पहिल्या दोन महिन्यांत काम हळू चालणार तो वेळ, हे सगळं लिहा. एका साइटवर किंवा दोन मजल्यांवर आठ ते बारा आठवड्यांचं पायलट करा. सुरुवातीलाच एक आकडा ठरवा, उदाहरणार्थ आरएफआयला उत्तर यायला सरासरी किती दिवस लागतात, आणि आधीचा आकडा वहीतून घ्या. ट्रेनिंग हॉलमध्ये देऊ नका, साइटवर त्याच्या स्वतःच्या कामावर द्या, अर्धा तास, आणि पुढचे दोन आठवडे कुणीतरी रोज चक्कर मारून विचारत राहावं. साइटवर ज्याचं सगळे ऐकतात असा एक जुना मिस्त्री किंवा सुपरवायझर पहिल्यांदा तयार करा, तो वापरायला लागला की बाकीचे स्वतःहून विचारतात.

सब-कॉन्ट्रॅक्टरच्या वर्क ऑर्डरमध्ये कोणत्या ॲपवर रिपोर्ट, मॉडेल कोणत्या फॉरमॅटमध्ये, आणि मंजूर कप्प्यातल्या ड्रॉइंगशिवाय काम केलं तर जबाबदारी कुणाची हे आधीच लिहा, नंतर सांगितलं की तो जादा पैसे मागणार आणि त्याचं बरोबर असणार. सॉफ्टवेअर कंपनीच्या करारात डेटा तुमचा आहे आणि सबस्क्रिप्शन बंद केल्यावर किती दिवस तो मिळेल हे बघा. नुसतं वाचून सोडू नका, पायलटच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा सगळा डेटा खरंच बाहेर काढून बघा, फोटो, फॉर्म, मंजुऱ्या, तारखांसकट, आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्या ॲपशिवाय उघडतो का ते तपासा. उघडला नाही, तर त्याच आठवड्यात त्यांना फोन करा, तेव्हा तुमच्याकडं अजून सही करायची बाकी असते.